फीवरफ्यू: बी का उगवत नाही, रोप का मरतं आणि गाजर गवतापासून ते वेगळं कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडे तोंड असलेली बाल्कनी. फीवरफ्यूचं (पांढऱ्या-पिवळ्या फुलांचं, शेवंतीच्या कुळातलं औषधी झाड) बी ऑनलाइन मागवून एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये टाकलं. पहिल्या खेपेला काहीच उगवलं नाही. दुसऱ्या खेपेला पंधरा-वीस रोपं वर आली आणि आठवड्याभरात मान टाकून झोपली. मग नर्सरीतून तयार रोप आणलं, तर शेजारचे काका म्हणाले, ‘अहो, हे गाजर गवत आहे, उपटा आधी.’ घरात एकाला मायग्रेनचा त्रास आहे, त्यासाठी हे झाड हवंय. चुकतंय कुठे?

बहुतेक सगळं चुकतंय ते महिन्यात. फीवरफ्यू मूळचं बाल्कन देश, तुर्कस्तान, कॉकेशसच्या बाजूचं. तिथून ते युरोपभर पसरलं आणि इंग्लंडमध्ये तर दगडी भिंतींच्या फटींतही आपसूक उगवतं. थंडी त्याला मानवते, कोरडेपणा चालतो, पण उष्ण आणि दमट हवा आणि बुंध्याशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. पाकिटावर ‘उन्हाळ्यात फुलणारं’ असं छापलेलं असतं, तो उन्हाळा तिकडचा. आपल्याकडे याला रब्बीचं पीक समजायचं: हरभऱ्यासारखं ऑक्टोबरात पेरायचं, थंडीत वाढवायचं, होळीच्या आसपास फुलं घ्यायची.

आधी बियाण्याबद्दल, कारण फसगत तिथूनच सुरू होते. या झाडाचं शास्त्रीय नाव टॅनासिटम पार्थेनियम. पूर्वी त्याची गणना कधी क्रायसँथेममच्या, कधी मॅट्रिकेरियाच्या गटात होत असे, आणि फुलांच्या व्यापारात ‘मॅट्रिकेरिया’ हे जुनं नाव आजही चालतं. पण मॅट्रिकेरिया म्हणजे कॅमोमाइलसुद्धा. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘मॅट्रिकेरिया’ लिहिलेलं असेल तर आत दोन्हींपैकी काहीही निघू शकतं. ‘टॅनासिटम पार्थेनियम’ हे शब्द छापलेले असतील तरच घ्या. औषधी वापर डोक्यात असेल तर साध्या, एकेरी पाकळ्यांचा प्रकार घ्या. मॅजिक, वेग्मो वगैरे नावांनी मिळणारे वाण फुलदाणीसाठी निवडून तयार केलेले असतात. ऑरियम नावाचा सोनेरी पानांचा प्रकारही मिळतो, दिसतो सुंदर. त्याची पानं जन्मतःच पिवळी असतात हे मात्र लक्षात ठेवा. नाहीतर माणसं नत्र कमी पडलं म्हणून त्याला युरिया घालत बसतात.

बी अतिशय बारीक असतं. एका ग्रॅममध्ये पाच हजारांच्या वर दाणे येतात. कागदावर ओतलं तर धूळ सांडल्यासारखं दिसतं आणि शिंक आली तर संपलंच. चिमूटभर बी एक चमचा कोरड्या, चाळलेल्या बारीक वाळूत मिसळलं की पेरणी एकसारखी होते. काही कंपन्या मातीचा लेप दिलेलं गोळी-बियाणं विकतात. ते हाताळायला सोपं असतं, पण लेप विरघळेपर्यंत ओल एकदाही तुटता कामा नये. जुनं बी दुसऱ्या वर्षापासून दगा देतं. उरलेलं पाकीट हवाबंद डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

आता पेरणी. या बियाला उगवायला उजेड लागतो. ‘बी नेहमी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरावं’ हा नियम इथे बाजूला ठेवायचा. वर अर्धा सेंटिमीटर जरी माती पसरली तरी बी आतच राहतं. तुमची पहिली खेप वाया गेली ती बहुधा याच कारणाने, आणि त्यात जूनचा उकाडा. उगवण्यासाठी १८ ते २१ अंश तापमान उत्तम. दिवसाचं तापमान तिशीच्या पुढे राहिलं की उगवण विरळ होते. पुण्यात ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गेला की रात्री उतरू लागतात, तेव्हा पेरा. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडेही तेच. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबर हीटचा जोर ओसरेपर्यंत थांबून महिन्याच्या शेवटी. कोकणात आणि गोव्यात नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा, आणि तिथे हे झाड जेमतेम चार महिन्यांचं पाहुणं आहे असं धरूनच चाला.

भाजीच्या रोपांसाठी मिळणारा ९८ किंवा १०४ कप्प्यांचा ट्रे यासाठी छान. त्यात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग भरायचं. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षारांनी कोवळी मुळं भाजतात. बादलीत भिजवून पाणी काढून टाकायचं, असं दोनदा केलं की पुरतं. भरलेला ट्रे आधीच ओला करून घ्या, मग वाळूत मिसळलेलं बी प्रत्येक कप्प्यात चिमटीने टाका, तीन-चार दाणे पडतील इतपत. वरून माती नाही. फक्त बोटाने किंवा बाटलीच्या बुचाने हलकं दाबायचं, म्हणजे बी ओलीला चिकटेल. झारीने पाणी दिलंत तर बी वाहून कोपऱ्यात गोळा होईल, म्हणून ट्रे पसरट परातीत ठेवून खालून पाणी पाजा. पृष्ठभाग काळसर ओला दिसला की परातीतून बाहेर. वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिकची पिशवी सैल घाला आणि ट्रे भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवा. पत्र्यावर किंवा तापलेल्या लादीवर ठेवू नका, खालून शिजतो.

आठ ते चौदा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. दिसले त्याच दिवशी झाकण काढायचं. इथे एक-दोन दिवसांची दिरंगाई झाली की जे होतं तेच तुमच्या ऑगस्टच्या रोपांचं झालं: देठ मातीलगत पाणचट, दोऱ्यासारखा बारीक होतो आणि वरचं पान हिरवं असतानाच रोप आडवं पडतं. याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. जमिनीतल्या बुरशीने ती होते आणि तिला लागतं काय, तर दाटी, कोंदट हवा आणि सतत ओला पृष्ठभाग. ऑगस्टच्या पुण्यात हे तिन्ही फुकट मिळतं. एकदा आडवं पडलेलं रोप उभं राहत नाही. बाकीची वाचवायची तर पाणी तोडा, वारा लागेल अशी जागा द्या आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम मिसळून ट्रेमध्ये ओता. खरं तर ट्रायकोडर्माचा उपयोग आधी जास्त होतो: पेरणीपूर्वीच कोकोपीट त्या पाण्याने भिजवलेलं बरं.

रोपांना दोन खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली की प्रत्येक कप्प्यात एकच दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापा. उपटली तर शेजारच्याचं मूळ हलतं. पाच ते सहा आठवड्यांनी, चार-सहा पानांवर, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस ती कुंडीत हलवायची.

हलवण्याआधी काकांचा मुद्दा निकाली काढू, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी आपण ज्याला ओळखतो त्याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. फीवरफ्यूच्या नावातही ‘पार्थेनियम’ आहे, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली आहेत, आणि लहानपणी दोघांचीही कातरलेल्या पानांची बसकी चक्री जमिनीलगत पसरते. १९५०च्या दशकात भारतात या गवताची नोंद झाली ती पुण्यातच, त्यामुळे पुणेकराने संशय घेणं साहजिक आहे. शिवाय नर्सरीच्या शेणखतातून गाजर गवताचं बी येतं, आणि फीवरफ्यूच्या ट्रेमध्ये दोन्ही शेजारी शेजारी उगवलेली सापडतात.

ओळखायचं असं. एक पान तोडून बोटांत चुरडा. फीवरफ्यूला कापरासारखा, कडवट आणि तीव्र वास लगेच येतो आणि हात धुवूनही बराच वेळ रेंगाळतो. गाजर गवताला फक्त हिरवट, गवताळ वास असतो. मात्र गाजर गवताची ऍलर्जी असेल तर ही परीक्षा दुसऱ्याकडून करून घ्या. मग पान उजेडात धरा. फीवरफ्यूचं पान म्हणजे शेवंतीचं पान आणखी खोल कातरल्यासारखं: पाळ्या रुंद, कडा गोलसर दातेरी, रंग पोपटीकडे झुकणारा. गाजर गवताचं पान नावाप्रमाणे गाजराच्या पाल्यासारखं, पाळ्यांच्याही पाळ्या झालेलं, बारीक लवेमुळे राखाडी छटेचं आणि हाताला खरखरीत. फूल आलं की शंकाच उरत नाही. फीवरफ्यूचं फूल दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद, मधे पिवळीधमक टिकली आणि भोवती दहा-वीस आखूड पांढऱ्या पाकळ्या. गाजर गवताचं फूल चार-पाच मिलिमीटरचा मळकट पांढरा मणी, त्याच्या पाच कोपऱ्यांवर पाच इवल्या पाकळ्या.

कॅमोमाइलशी गोंधळ झाला तर फूल नखाने उभं चिरा. जर्मन कॅमोमाइलची पिवळी टिकली शंकूसारखी वर आलेली आणि आतून पोकळ असते, फीवरफ्यूची चपटी आणि भरीव. कॅमोमाइलची पानंही शेपूसारखी, दोऱ्या-दोऱ्यांची.

कुंडीकडे येऊ. एका रोपाला दहा इंची कुंडी पुरेशी. लांबट खिडकी-कुंडी असेल तर दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, जमिनीत लावणार असाल तर ३०. पुण्यातली काळी चिकणमाती नुसती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिखल होते, सुकली की वीट, आणि दोन्ही अवस्थांत मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू, एवढं मिश्रण पुरे. नदीची वाळू मिळत नसेल तर परलाइट (हलके पांढरे खडे) चालेल. बांधकामाची क्रश सँड घ्यायची तर आधी धुवून तिची पूड काढून टाका, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा आणि कुंडीखालची थाळी काढून टाका. फीवरफ्यूच्या बाबतीत थाळीत साचलेलं पाणी हे एकच कारण कितीतरी झाडं मारतं.

लावताना रोपाचा बुंधा, जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या पातळीला किंवा किंचित वर राहू द्या. टोमॅटोचं रोप खोल लावतात तसं हे लावलं की बुंधा कुजतो. संध्याकाळी लावा, तीन-चार दिवस सावली, मग ऊन. तुमच्या बाल्कनीत सकाळचं चार-पाच तास ऊन येत असेल तर थंडीत ते पुरेसं आहे आणि मार्चनंतर तर तो फायदाच आहे. पश्चिमेच्या बाल्कनीला फेब्रुवारीअखेरपासून ५० टक्क्यांची शेडनेट लागेल.

पाणी बोट घालून ठरवा. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच द्यायचं. डिसेंबरात हे दोन-तीन दिवसांनी येतं, एप्रिलमध्ये रोज. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. सूर्य गेल्यावर पुन्हा बघा. संध्याकाळी ताठ झाली असतील तर तो फक्त उन्हाचा ताण होता. माती ओली असूनही सकाळी झाड मलूलच असेल तर मुळं कुजली आहेत. अशा वेळी झाड कुंडीतून काढून मुळं बघा: पांढरी असतील तर वाचेल, तपकिरी आणि सालपट निघणारी असतील तर वरचे निरोगी फुटवे कापून कटिंग लावण्यापलीकडे काही करण्यासारखं नाही.

खताचा हात आखडता ठेवा. मातीत घातलेल्या खतानंतर महिन्याला मूठभर गांडूळखत बस्स. नत्र जास्त झालं की झाड उंच, लुसलुशीत होतं, वाऱ्याने लोळतं आणि मावा हमखास येतो. फुलदाणीसाठी फुलं काढायची असतील तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, पंधरा-वीस दिवसांतून एकदा. नवी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर ते बोअरच्या जड पाण्याचं काम आहे. त्यातल्या चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही. शक्य असेल तर काही दिवस नळाचं किंवा दुसरं साधं मऊ पाणी द्या, पण आरओ यंत्रातून वाया जाणारं नव्हे. आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घालायची सवय हल्ली घरोघरी आहे आणि त्यात क्षार जास्त असतात.

रोप दहा-बारा सेंटिमीटरचं झालं की शेंडा एकदा खुडा. बाजूने सहा-आठ फुटवे येतात आणि झाड गोल, गच्च होतं. लांब दांड्याची फुलं हवी असतील तर खुडू नका.

यानंतर जानेवारीत हमखास एक शंका येते: झाड निरोगी आहे, पानं भरपूर आहेत, पण कळीचं नाव नाही. इथे खत घालून उपयोग नाही. फीवरफ्यूला फुलायला मोठा दिवस लागतो. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो, तिथे ते फुलांनी लगडतं. पुण्यात डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्येही जेमतेम सव्वातेरा तासांचा. म्हणजे थंडी आहे तेव्हा दिवस लहान, दिवस मोठा होतो तेव्हा उकाडा. त्यामुळे आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस वाढू लागल्यावर फुलं येतात ती उशिरा आणि तिकडच्यापेक्षा कमी. भरघोस फुलं हवी असतील तर झाडाला दहाएक पानं झाल्यावर त्याच्या वर मीटरभर उंचीवर ९ वॅटचा पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब टांगा आणि सूर्यास्तापासून रात्री दहा-साडेदहापर्यंत लावा, म्हणजे उजेडाचे तास पंधरा-सोळा होतात. चार-पाच आठवड्यांत मधला दांडा वर येऊ लागतो. पानं कमी असताना हा प्रयोग केला तर काडीसारख्या दांड्यावर चार फुलं येऊन झाड संपतं. पॉलीहाऊसमध्ये शेवंती करणारे हेच दिवे नेमके उलट कामासाठी लावतात. शेवंतीला फुलायला लहान दिवस लागतो, म्हणून तिला हव्या त्या तारखेपर्यंत फुलण्यापासून रोखण्यासाठी रात्री उजेड देतात. एकाच कुळातल्या दोन बहिणी, पण स्वभाव विरुद्ध.

तुम्हाला पानंच हवी आहेत, तेव्हा दिव्याच्या भानगडीत पडू नका. बसकी, न फुललेली चक्रीच तुमच्या कामाची.

कीड. ‘याचा वास उग्र, त्यामुळे कीड लागत नाही’ असं सर्रास लिहिलेलं असतं. कीटकनाशक पायरेथ्रम ज्या झाडापासून मिळतं ते फीवरफ्यूचं जवळचं नातलग आहे, त्यावरून ही समजूत आली असावी. मावा मात्र ही समजूत पाळत नाही. जानेवारीत ढगाळ हवा आली की कोवळ्या दांड्यांवर हिरवा-काळा मावा थराने बसतो. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन दिवस सलग धुवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर ५ टक्के निंबोळी अर्क. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या आत असते, वरून फवारून हाताला काही लागत नाही. रेघांची पानं खुडून पिशवीत बांधून टाका आणि कुंडीजवळ पिवळा चिकट सापळा लावा. मार्चमध्ये पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची झाली की उलटी करून बघा, मागे जाळी असेल तर ती रस शोषणारी बारीक कोळी कीड आहे. कोरड्या, धुळीच्या बाल्कनीत ती फोफावते, म्हणून पानांची मागची बाजू पाण्याने धुवत राहणं हाच उपाय. भुरी (पानांवर पिठासारखा पांढरा थर देणारी बुरशी) येते ती दाटीमुळे, खालची पानं काढून वारा खेळता करा. गंधक फवारायचा सल्ला मिळेल. खायच्या पानांवर तो नको.

मधमाश्या या फुलांकडे सहसा फिरकत नाहीत असं बागकाम करणारे सांगतात. त्यामुळे काकडी-दोडक्याच्या वेलाला खेटून कुंडी ठेवू नका. जागा असेल तर चार-पाच फूट दूर बरी.

एप्रिलनंतर काय? पारा पस्तिशीच्या पुढे गेला की वाढ थांबते, खालची पानं करपतात. फुलं ओसरल्यावर झाड जमिनीपासून १० सेंटिमीटरवर छाटा, पूर्ण सावलीत हलवा, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते बुंध्याला चिकटू देऊ नका. जूनमध्ये कुंडी पावसाच्या झडीपासून आत, छपराखाली. इतकं करूनही पुण्यात बरीच झाडं पावसाळा पार करत नाहीत, आणि स्पष्ट सांगायचं तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. मूळ देशातही हे झाड दोन-तीन वर्षांचंच. आपण दर ऑक्टोबरला नव्याने पेरावं. महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळा सोसतो म्हणून तिथे ते बारमाही राहील असं वाटतं, पण तिथला पाऊस त्याला उघड्यावर जगू देत नाही. छप्पर असेल तरच.

दुहेरी फुलांचा एखादा आवडता वाण जपायचा असेल तर मात्र बी कामाचं नाही, त्यातून सगळी रोपं आईसारखी येत नाहीत. फेब्रुवारीत बुंध्यापासचे, कळी न धरलेले ५ ते ७ सेंटिमीटरचे फुटवे काढा, खालची पानं उतरवा आणि निम्मी वाळू-निम्मं कोकोपीट भरलेल्या लहान पिशव्यांत लावा. सावलीत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात.

साध्या वाणाचं बी घ्यायला फुलाची टिकली पिवळ्याची तपकिरी होऊन बोटाने चुरते तोवर थांबा. फुलं कागदी पाकिटात टाकून आठवडाभर सावलीत वाळवा, चोळा, चहाच्या गाळणीने चाळा. दोन-तीन फुलांत पुढच्या वर्षाची बेगमी होते. बाकीची फुलं बी धरण्याआधीच कापा. ज्यांची बाग इंग्लंड-अमेरिकेत आहे त्यांनी तर यात हयगय करू नये. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरून शेवटच्या हिमानंतर बाहेर लावलं की जून ते ऑगस्ट फुलतं, आणि एकदा बी सांडू दिलं तर पुढची कित्येक वर्षं फरशीच्या फटींतून रोपं उपटत बसावी लागतात. आपल्याकडे उन्हाळा त्याला आवर घालतो, तरी एका पार्थेनियमने पुरेसा धडा दिला आहे. झडलेली फुलं डोंगरउतारावर किंवा नाल्यात फेकू नका.

राहिला मायग्रेन. नावात ‘फीवर’ आहे, तरी तापावर याचा आज कोणी उपयोग करत नाही. मायग्रेनचे झटके कमी व्हावेत म्हणून रोज पानं खाण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९७०-८०च्या दशकांत पसरली, आणि १९८५ व १९८८ मध्ये तिथे चाचण्याही झाल्या. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत: झालाच तर थोडा फायदा, तोही प्रतिबंधासाठी, काही आठवडे नियमित घेतल्यावर. डोकं ठणकायला लागल्यावर पान चावून काही होत नाही. पानातला चर्चेतला घटक म्हणजे पार्थेनोलाइड. त्याचं प्रमाण वाणागणिक, ऋतूगणिक बदलतं आणि साठवणुकीत घटत जातं. म्हणजे घरच्या कुंडीतल्या दोन पानांत नक्की किती गेलं हे कळायला मार्ग नाही. ताजी पानं चावणाऱ्या काहींच्या तोंडात फोड येतात, जीभ सोलवटते, चव जाते. गर्भवतींनी हे अजिबात घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधं, ऍस्पिरिनसुद्धा, सुरू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर घेऊ नये. बरेच महिने घेऊन एकदम बंद केलं तर डोकेदुखी उलटू शकते. घरातल्या व्यक्तीच्या डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवून विचारा आणि त्यांचा होकार येईपर्यंत झाड शोभेचं समजा. नर्सरीतून आणलेल्या रोपावर काय फवारलंय ते ठाऊक नसतं, त्यामुळे त्याची जुनी पानं खाऊच नका.

गाजर गवताची बाधा होणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. गाजर गवतातलं पार्थेनिन आणि फीवरफ्यूमधलं पार्थेनोलाइड एकाच रासायनिक गटातली, शेवंतीतही याच गटातले पदार्थ असतात. ज्यांना गाजर गवताच्या जवळून गेलं तरी चेहरा, मान, कोपराच्या घड्या खाजून लाल होतात, किंवा शेवंतीचे हार करताना हात भाजल्यासारखे होतात, त्यांच्या घरात फीवरफ्यू नकोच. वाळलेल्या पानांचा चुरा हवेतूनही त्रास देतो. बाकीच्यांनी छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि त्या हातांनी डोळे चोळू नयेत.

डॉक्टरांनी होकार दिला तर पानं फुलोरा येण्याआधी, सकाळी दव सुकल्यावर काढा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. पाण्याने धुवून, कापडावर एकेरी थरात, सावलीत चार-सहा दिवस. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको. पान हाताने चुरचुरीत मोडलं की काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात. बरणीवर तारीख लिहा आणि पुढच्या हंगामाची पानं आली की जुनी कंपोस्टमध्ये टाका.

आणि नर्सरीतून आणलेलं ते रोप काका येऊन उपटायच्या आत एकदा चुरडून हुंगा. कापराचा वास आला तर कुंडीखालची थाळी तेवढी काढा. नाही आला तर काकांचं बरोबर आहे: हातमोजे घाला, फूल यायच्या आत मुळासकट उपटा आणि त्या कुंडीतली वरची दोन इंच माती बदला.